पायाच्या अंगठ्यात धरलेला गळ

फातीमावशीला तीन हात होते. तिसरा म्हणजे उजव्या पायाचा अंगठा. डिचोलीच्या बाजारात औषधांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून ती आबोलीच्या फाती विणत बसे. घाटावर ज्याला गजरा म्हणतात ती आमची फाती. केळीच्या सोपटाच्या ओल्या धाग्याचं एक टोक अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरलेलं, दुसरं तोंडात, आणि दोन्ही हात फुलं टाकायला मोकळे. तोंडात धागा असतानाही ती बोलायची, आणि तेव्हाच जास्त नेमकं बोलायची.

मी तेव्हा तिथल्याच एका कचेरीत कनिष्ठ कारकून होतो. रविवारी कारापूरकडे वाळवंटी नदीवर मासे धरायला वेळूची काठी घेऊन जायचो आणि रिकाम्या हाताने परत यायचो. बोटीवर काम करणाऱ्या एका चुलतभावाने मला खोट्या किड्यांची विलायती डबी दिली होती. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेले किडे, माशाला फसवायला. सगळे दगडांत अडकून गेले, एक उरला. तसाच कोणी बांधून देईल का, असा प्रश्न पडल्यावर मला फक्त मावशीची गाठ आठवली. तिची फाती वेणीत दिवसभर राहिली तरी फूल गळायचं नाही.

तिने तो किडा उलटसुलट करून पाहिला. "हो किडो न्हय रे बाबा. ही व्हंकल." व्हंकल म्हणजे नवरी. किड्याच्या अंगावर जरीची तार होती खरी. "खंयचो किडो जाय तुका?"

पाण्याच्या तळाशी, दगडाखाली असतो तो, पंख फुटण्याआधीचा, असं मी पुस्तकातलं सांगितलं. ती हसली. कारापूर तिचं माहेर. नदीवर कपडे धुताना तिने असे शेकडो किडे पाहिले होते. पुस्तक न वाचता तिने त्याचं वर्णन केलं: मातकट, छातीशी जाड, शेपटाला दोन-तीन केस, पाय पोटाशी घेतलेले. "आनी तो पेंवना. तळाकूच आसता." पोहत नाही, तळालाच असतो. म्हणजे वजन हवं.

सामान जमवायला बाजाराबाहेर जावं लागलं नाही. वजनाला फ्यूजची तार. आमच्याकडे वीज जितकी येई त्याहून फ्यूज अधिक जळत, त्यामुळे ही तार घरोघरी असे. शेपटाला काथ्याचे तीन तंतू. अंगाला केळीचं सोपट, भिजलं की हुबेहूब मातकट. पायांना शेजारच्या अंडीवाल्याच्या कोंबडीचं मानेवरचं पीस. गळाचं टोक तिने बाटलीच्या बुचात खुपसलं आणि ते बूच अंगठ्याच्या बेचक्यात धरलं. तार आधी, छातीकडे जास्त वेढे, शेपटाकडे कमी. मग तारेवर शिवणाचा दोरा, इतका दाट की धातू कुठे चमकू नये. मग काथ्या, मग सोपट, शेवटी पिसाचे दोन फेरे आणि फातीची गाठ. गाठीवर सुनेच्या नखपॉलिशचा थेंब. आबोलीच्या चार फुलांना लागतो तेवढा वेळ लागला असेल.

मी म्हटलं, "मावशी, तारेचे वेढे वरून घातले तर सोपं नाही का?"

"वजन भितर घाल. वयर दिसलें जाल्यार मासो येवचो ना." वजन आत घाल, वर दिसलं तर मासा येणार नाही.

पुढच्या रविवारी मला हातभर लांब खडस मासा मिळाला. सोमवारी बाजारातून जाताना तिने मान वर न करता विचारलं, "खालो?"

"खाल्ला."

"मागीर तोंड कित्याक असलें? घे, ही फाती बायलेक व्हर." मग तोंड असं का, ही बायकोला ने, म्हणाली; माझं लग्न व्हायचं होतं, हे तिला ठाऊक होतं.

गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. कचेरीत मराठी की कोकणी हा वाद दिवसभर चाले, आणि मराठीची बाजू घेणारेही तो कोकणीतच घालत. त्या दिवसांत आमच्याकडे नवे साहेब आले. त्यांच्याकडे कातडी पिशवीतली मासेमारीची काठी होती आणि तिची ओळख ते स्वतःच्या आधी करून देत. राज्याच्या आनंदसोहळ्याला पाहुणे येणार म्हणून बाजाराचा रस्ता रुंद करायचं त्यांनी मनावर घेतलं. रुंद करणं त्यांच्या हातात नव्हतं, रुंद दिसणं होतं. म्हणून कडेला बसणाऱ्यांना नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, बाजारामागे हलवायचं ठरलं.

मावशीचा मुलगा खनिजाच्या ट्रकवर होता. पावसाळ्यात खाण बंद, ट्रक बंद, आणि घरची चूल फातींवर. आमच्याकडची माणसं मासे आवडीने खातात, पण माशांच्या वासातली फुलं देवाला घालत नाहीत. तिथे बसणं म्हणजे न बसणं. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिच्या अंगठ्यातला धागा पहिल्यांदाच सुटलेला मी पाहिला.

मी एक बेत केला. साहेबांना तिच्या किड्यावर मासा मिळवून द्यायचा आणि मग तिचा विषय काढायचा. तिने किडा बांधून दिला. रविवारी नदीवर साहेबांनी तो दोन बोटांत धरला. "हे काय, कचऱ्यातून उचललं?" आणि बाजूला ठेवला. त्यांनी आपली विलायती नवरी पाण्यात सोडली. ती दुपारपर्यंत वरच्यावर तरंगत राहिली. ते पाव-भाजी खायला बसले तेव्हा मी गुपचूप त्यांच्या दोरीला मावशीचा किडा बांधला. जेवल्यावर त्यांनी न बघताच गळ टाकला, आणि तिसऱ्या खेपेला काठी वाकली. मासा काठावर येईतो किडा त्याच्या घशात गेला होता. साहेब म्हणाले, "बघितलंस? विलायती माल!"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी नाही बोललो. साहेबांचा माशाबरोबर फोटो काढला, आणि सोमवारी त्यांनी मला नोटिशीचा मसुदा करायला सांगितला.

मी तोंड पाडून मावशीकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने दोन फुलं टाकली, गाठ ओढली. "उलोवप तुजो धंदो न्हय. तुजो धंदो बरोवपाचो. मागीर बरय मरे." बोलणं तुझं काम नाही, लिहिणं आहे, मग लिही. आणि अगदी सहज, "वजन भितर घाल."

मी रात्रभर जागलो वगैरे नाही. कचेरीतच चहाच्या आधी मसुदा झाला. वर पिसं लावली: नवोदित राज्याचा मंगल क्षण, नागरिकांची उज्ज्वल परंपरा, स्वच्छतेचा ध्यास. अशा सहा ओळी. खाली, कंटाळवाण्या जागी, दोन लहान वाक्यं: हा आदेश सोहळ्याच्या दिवसापुरता राहील, आणि दुकानाच्या खासगी पायरीवर मालकाच्या संमतीने बसणाऱ्यास तो लागू नाही. साहेबांनी पहिल्या सहा ओळी मोठ्याने वाचल्या, दोनदा. "भाषा आहे तुझ्याकडे," म्हणाले आणि सही केली.

औषधवाल्याने हसत संमती दिली. मावशी गोणपाट उचलून एक पायरी वर गेली. सोहळ्याच्या दिवशी साहेबांनी तिला तिथे पाहिलं आणि नोटीस मागवली. ती त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. खाली स्वतःची सही होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "मसुदा चांगला आहे." कौतुक होतं की दम, ते मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका आपापल्या जागी परत आल्या. मावशी मात्र पायरीवरच राहिली. वरून गिऱ्हाईक लांबून दिसतं, म्हणाली.

पुढे माझी पणजीला बदली झाली. मावशी गेल्याचं मला फार उशिरा कळलं. गेल्या वर्षी डिचोलीला गेलो. त्याच पायरीवर तिची सून बसली होती, अंगठ्यात धागा धरून. मला ओळखण्याचं तिला कारण नव्हतं. फाती घेताना मी विचारलं, "मावशी गळाचे किडे करायची, आठवतं?"

"आठवता मरे. म्हजें नखपॉलिश सोंपयलें तिणें." मग ती हसून म्हणाली, "एक कारकून येतालो म्हणटाली. ताका बरोवंक हांवें शिकयलें, अशें सगल्यांक सांगताली. तिका सय लेगीत करूंक येनासली. तशें खंय जाता?" सहीसुद्धा न येणारी बाई कारकुनाला लिहायला शिकवते, असं कुठे होतं का, असं तिचं म्हणणं.

"तसंच झालं," मी म्हटलं.