गुणाची बाळंतीण

"आजी, इसको तुम ही रख लो. मैं रहूँ ना रहूँ, एक ही बात है."

नातीने महिन्याची पोर माझ्या मांडीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मराठी तिला सगळी कळते, पण बोलते हिंदीतच. रडली नाही. पोर भुकेने किंचाळत होती, तरी तिने मान वळवली नाही.

भर दुपार होती. माझी लेक, म्हणजे नातीची आई, स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होती. मी तिला म्हटलं, "हात धू. हिले डॉक्टरकडे न्यायचं आहे, आत्ताच. अन् निघेपर्यंत तिच्याजवळून उठू नको."

"काहून? एवढी शांत तर आहे. एक शब्द काढत नाही तोंडातून. गुणाची बाळंतीण आहे."

"म्हणूनच तर सांगून राहिली," मी म्हटलं.

आमची माणसं रेल्वेच्या नोकरीपायी वऱ्हाडातून रायपूरला आली. बोलण्यात हिंदी शिरली, जेवणात चीला-फरा आला, पण बाळंतिणीचे कायदे तेच राहिले. कानात कापूस, वरून घट्ट फडकं, खाटेखाली शेगडी. आणि बोलायचं नाही, तोंडातून वारं शिरतं म्हणतात. सव्वा महिना जी गप्प पडून राहील ती गुणाची. त्यामुळे कोण वाऱ्याच्या भीतीने गप्प आहे आणि कोणाला जगणंच नकोसं झालं आहे, ते आमच्यात कोणाला ओळखू येत नाही.

मला येतं. मी ते लहानपणी पाहिलं आहे.

माझी आई गप्प राहणारी बाई नव्हती. पुरानी बस्तीतलं आमचं अंगण उन्हाळ्यात बायांनी भरायचं. कणकेच्या लांब वाती करून काड्यांवर गुंडाळायच्या आणि उन्हात वाळवायच्या, त्याला आम्ही सरगुंडे म्हणतो. आईचा हात भरभर चालायचा, जीभ त्याहून भरभर. शेजारणीची कणीक घट्ट झाली की म्हणायची, "बाई, हे खायाचे सरगुंडे हायेत का नवऱ्याले माराच्या काड्या?" पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, छत्तीसगढी बायांना अर्धं कळायचं, पण त्या पूर्ण हसायच्या, आणि "हव, हव" करत पुढची काडी उचलायच्या. मी कावळे हाकायला बसायचे आणि कच्चे सरगुंडे खायचे. पोट दुखायचं. आई म्हणायची, "कावळ्यापेक्षा तूच जास्त नेतं."

बांगड्या घ्यायला ती मला सदर बाजारात न्यायची. घासाघीस इतकी लांबायची, की दुकानदार स्वतःच तिच्यासाठी स्टूल सरकवायचा आणि पाणी मागवायचा. पुष्कळदा आम्ही काही न घेताच परत यायचो. दुकानदार रागवायचा नाही. तशी बाई मी पुढे पाहिली नाही.

मग माझा भाऊ झाला. आईच्या कानाला फडकं बांधलं आणि ती गप्प झाली. बघायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, किती गुणाची आहे. मी एकदा तिला सांगितलं, कावळ्याने सरगुंडा नेला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्याचीच भीती वाटली. पुढे तिने जेवण सोडलं, मग ताप आला आणि ती गेली. वारं लागलं, असं सगळे म्हणाले.

माझी लेक झाली तेव्हा माझ्यावरही तेच आलं. दूध यायचं, पण पोर शेजाऱ्यांची वाटायची. मी कोणाला सांगितलं नाही, आणि माझीही तारीफच झाली. ते कसं गेलं ते मला ठाऊक नाही. कोणी काही केलं नाही. बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी वरणाच्या फोडणीचा वास आला आणि मला भूक लागली. एवढंच. त्यानंतर मी दुसरं मूल होऊ दिलं नाही. का, ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

नातीला घेऊन निघालो. ऑटो सदर बाजारात स्कूटरींच्या गर्दीत अडकला. तेवढ्यात मी तिच्या कानाचं फडकं सोडून टाकलं. लेक म्हणाली, "आई, वारं लागन." मी म्हटलं, "लागू दे."

नातीची सासू फोन मिळताच सिलतऱ्याच्या आपल्या घरून थेट दवाखान्यात आली होती. डॉक्टर तरुण बाई होती. तिने विचारलं, "घर में किसी को डिलीवरी के बाद ऐसा हुआ था? माँ को, नानी को?"

लेक सासूकडे बघत घाईने म्हणाली, "नहीं, नहीं. हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं है."

"मले झालं होतं," मी म्हटलं. "माझ्या आईलेही."

लेकीने माझा पदर ओढला. सासू म्हणाली, "हे लग्नाच्या वेळी सांगतलं नाही तुमी."

"तुमच्या घरी तीन पिढ्यांची शुगर आहे. ते तुम्ही सांगितलं होतं का?"

डॉक्टरने हसू लपवायला मान खाली घातली. मग तिने समजावलं. पोटात मूल असताना बाईच्या अंगात चढलेले हार्मोन बाळंतपणानंतर एकदम उतरतात. सगळ्यांचेच उतरतात, पण काहींना ते उतरणं सोसत नाही, आणि हा कच्चेपणा जीन्समधून, म्हणजे रक्तातून, काही अंशी पुढे येतो. सगळं अजून कळलेलं नाही, असंही ती म्हणाली. रक्तात आहे म्हणून प्रत्येकीला होईलच असं नाही. माझ्या लेकीला झालं नव्हतं. झालं तर त्यावर औषध आहे. "अच्छा किया नानी, बता दिया," ती म्हणाली. मला त्याचं काही कौतुक वाटलं नाही. विचारलं असतं तर मी आधीही सांगितलं असतं, पण आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या. नातीजवळ कायम कोणीतरी बसू लागलं, आणि तिला बोलायला लावू लागलं. सासूही यायची, तोंड वाकडं करून, पण यायची. फरक हळू पडला. एक दिवस नात आपल्या आईवर खेकसली, "सब्जी में इतना नमक कौन डालता है?" लेकीला राग आला. मी पोरीला मांडीवर घेऊन बसले होते, मला बरं वाटलं.

नंतर ती माझ्या आईबद्दल विचारू लागली. मी सरगुंड्यांचं सांगितलं, बांगड्यांच्या दुकानदाराचं सांगितलं. नवऱ्याला मारायच्या काड्यांवर ती हसली.

माझी आई त्यातून वाचली नाही. मी वाचले. नात वाचली.