भट्टीच्या फोटोतला कोयतेवाला

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. आजा माडी काढायला माडावर चढला, बाप माडावर चढला, मी कॉलेजचे जिने चढलो. हे मी लपवीत नाही, उलट चारचौघांत सांगतो. म्हणूनच असेल, मिरजोळ्याच्या वाटेवरची दारूची भट्टी बंद पडली आणि काही वर्षांनी आमच्या ज्ञातिमंडळाने तिची हकीकत छापायची ठरवली, तेव्हा ते काम माझ्याच गळ्यात पडलं. "जुन्या माणसांना विचार, फोटो मिळतात का बघ आणि नीट मराठीत लिही," एवढंच मला सांगण्यात आलं.

मला वाटलं, सुट्टीत उरकेल.

पण पहिल्या दिवसापासूनच माझं डोकं फिरायला लागलं. त्या वेळी दारूबंदीसाठी दारूच्या दुकानांपुढे खादीच्या टोपीवाली मुलं हात जोडून उभी राहत, पिणाऱ्यांना परत फिरवीत. त्यामुळे जन्मभर भट्टीवर राबलेली माणसं मला दारातूनच वाटेला लावायची. "आम्ही कुठले भट्टीवर? आम्ही आपले नारळ सोलायला जायचो." एकाने तर विचारलं, "मेल्या, बापाने कॉलेजात घातला तो दारू शिकायला काय?" आणि ज्यांनी भट्टीचा धूर तेवढा लांबून पाहिला असेल, ते मला तासभर बसवून पहिल्या धारेची दारू कशी ओळखायची ते सांगायचे. कोणाचं लिहून घ्यावं आणि कोणाचं सोडावं, मला काही उमगेना.

अशात एक फोटो हाती लागला. भट्टीच्या जुन्या कारकुनाच्या घरी तो धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. अबकारीचा कोणी साहेब आला होता, त्याच्यासाठी सगळ्या कामकऱ्यांना भट्टीपुढे उभं करून काढलेला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आमच्याकडच्या दमट हवेने त्याला बुरशी धरलेली. मधल्या रांगेतल्या माणसांचे चेहरे तर पुसल्यासारखे झालेले. धड दिसत होते ते कमरेचे कोयते.

तो मी आधी आत्याला दाखवला, कारण माझे आतोबा त्याच भट्टीवर होते. सकाळी माडावर, नंतर भट्टीवर. लग्नाला दोन पावसाळे झाले नाहीत तोच ते माडावरून पडून गेले. आत्या माहेरी परत आली ती कायमची. आतोबांचं चित्र, फोटो, काही म्हणजे काही तिच्याजवळ नव्हतं.

तिने फोटो ओटीवर उजेडात धरला आणि मधल्या रांगेतल्या एकावर बोट ठेवलं. "हे."

"चेहरा तर दिसत नाही, आत्या."

"चेहरा मी कधी बघितला बाबा? सासू, जावा, दीर, घर भरलेलं. दिवसा मान वर करायची सोय होती का? रात्री दिवा नसायचा. पण कोयता रोज बघायची. दाराच्या मागे आकडीला लावलेला असायचा. मुठीला ही पितळेची कडी. हे तेच."

कडी होती खरी. आणि आमच्यात एकाचा कोयता दुसऱ्याच्या कमरेला लागत नाही. भाऊ भावाला देत नाही. म्हणजे पुरावा पक्का. आत्या म्हणाली, "पुस्तकात छापशील तेव्हा खाली त्यांचं नाव घाल. आणि एवढाच तुकडा मोठा करून मला दे." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आतोबांचे एक जुने सोबती भेटले. आता दात गेलेले, पाठीत वाकलेले. त्यांनी फोटो पाहिला आणि नेमकं त्याच माणसावर बोट ठेवलं.

"हा मी."

"काका, हा कोयता आतोबांचा आहे."

"कोयता त्याचाच! माझा लोहाराकडे व्हता. साहेब म्हणाला, सगळ्यांच्या कमरेला कोयता पायजे. भट्टी पेटलेली, कोणीतरी आत इस्तवाशी जाळ सारत बसायला नको? तुझा आतोबा बसला. म्हणाला, जा, माझा लाव. मी तरी घेणार नव्हतो, पण साहेबापुढे काय बोलतोस?"

मी फोटोकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. पुसलेली हनुवटी आणि बोळकं तोंड, जुळवणार काय? आत्याला हे कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून मी काकांनाच तिच्याकडे घेऊन गेलो. समोर बघून तरी तिला काही आठवेल, असं मला वाटलं.

काका ओटीवर बसले. झालं ते मीच सांगितलं. आत्याने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे सरळ बघितलं. अशी ती कोणा परक्या पुरुषाकडे बघताना मी कधी पाहिली नव्हती. काका खाली बघायला लागले.

"तुम्ही असे दिसायचात?" तिने विचारलं.

"असेन वयनी. आता काय सांगू?"

"ते तुमच्याएवढे उंच होते?"

"तेवढाच. एकाच मापाचे व्हतो आम्ही."

आत्याने फोटो जवळ ओढला. मग म्हणाली, "तुम्हाला काय, उद्या बाजारात जाल आणि दुसरा फोटो काढून घ्याल. त्यांचा मी कुठून आणू?"

काकांनी फोटो परत हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "नाय वयनी," ते म्हणाले, "माझंच चुकलं. इस्तवाशी मी बसलेलो. हा तोच. उभा कसा राहिलाय बघा की, मी असा कधी उभा राहिलो?"

आत्याने त्यांना गूळपाणी दिलं.

परतताना वाटेत मी त्यांना धरलं. "काका, खरं काय ते मला तरी सांगा. छापायचं आहे."

"खरंच सांगतो. सकाळी मला पक्कं ठावं व्हतं. तिने असं बघितलं, आणि आता मला इस्तवाची धग आठवते पाठीला. तू शिकलेला ना? तूच काय ते लिही."

ते चालू लागले. मी तिथेच उभा. आधी सांगितलं ते खरं की नंतरचं? दोन्ही त्यांनीच सांगितलेलं, दोन्ही वेळा डोळ्याला डोळा देऊन. कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, आतोबा फोटोत आहेत, पण मागच्या रांगेत. मागच्या रांगेत तर नुसती बुरशी होती.

शेवटी छापखान्याने तगादा लावला तेव्हा मी आतोबांचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, 'पत्नी व सोबती यांच्या सांगण्यावरून.' इतकं तरी खोटं नव्हतं.

पुस्तिका हातात आली तशी आत्याला नेऊन दिली. तिला वाचता येत नव्हतं, आणि नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही तिची रीत वैधव्यातही सुटली नव्हती. तिने त्या माणसाखालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाच."

मी वाचलं.

"पुरं वाच. बापाच्या नावासकट."

मी पुरं वाचलं. वाचता वाचता डोळे त्या पुसलेल्या चेहऱ्यावरच होते, आणि तो कोणाचा ते मला तेव्हाही कळत नव्हतं.

"आणखी एकदा," आत्या म्हणाली.