साडेचार बोटं

मुबारकचं नवीन जालन्यात गाड्या चमकवायचं दुकान आहे, पण पॉलिशला तो हात लावतो सगळ्यात शेवटी. घाईचं गिऱ्हाईक म्हणतं, "पाणी मारा आन् वॅक्स लावा जल्दी." मुबारकला ते पटत नाही. मळावर मेण म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा! तो आधी गाडी फेसानं धुतो, मग उजव्या हातात पातळ कॅरीबॅग घालून पत्र्यावरून हळूहळू फिरवतो. उघड्या बोटांना न लागणारी कचकच पिशवीतून बराबर लागते. या एका हातावर त्यानं बावीस वर्षं घर चालवलंय.

जालन्यातल्या गाड्यांना एक रोग आहे. लोखंडाच्या कारखान्यांची बारीक भुकटी उडते आणि रंगात रुतून बसते. पाण्यानं ती निघत नाही. तिच्यावर एक औषध फवारावं लागतं. ते लोखंडाला लागलं की जांभळट लाल होऊन ओघळतं. नवखा माणूस बघून दचकतोच. कारखान्याकडची गाडी सगळ्या अंगानं अशी ओघळते, खेड्यातली कोरीच राहते. म्हणून मुबारक म्हणतो, "मालक खोटं बोलंल, गाडी न्हाई."

त्याचा धाकटा भाऊ साजिद अशाच एका कारखान्यात होता, हाताला कायम तीच भुकटी. रोलरमध्ये सापडून त्याच्या करंगळीशेजारचं बोट अर्धं गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी पहाटे कामावरून सायकलनं परतताना त्याला कुणीतरी उडवलं आणि पळ काढला; साजिद जागीच गेला. पोलिसांच्या कागदावर 'अज्ञात वाहन' एवढंच आलं. आई मैमूना रोज संध्याकाळी विचारते, "गाडी मिली क्या?" मुबारक मान खाली घालतो. तेव्हापासून तो प्रत्येक गाडी चाचपतो, ती पोटासाठी तशीच या प्रश्नासाठी.

मागच्या मंगळवारी खेड्याकडचे, हसनाबादचे साहेबराव पांढरी गाडी घेऊन आले. लेकीचं, प्रांजलीचं लग्न तोंडावर होतं.

"दोन वर्सं शेडातच उभी व्हती. जालन्याला तर कधी आणलीच न्हाई. नव्यावानी करा, मुबारकभाई," म्हणाले, आणि चहाला गेले.

मुबारकनं सावलीत गाडी धुतली. पिशवीतला हात टपावरून, दारांवरून सरसर गेला. बोनेटच्या मधोमध मात्र कचकच लागली, तेवढ्याच जागी. त्यानं औषध फवारलं. भर दुपार, रस्त्यावर रिक्षांचा कलकलाट, आणि पांढऱ्या पत्र्यावर जांभळा पंजा उमटला. अंगठा, दोन लांब बोटं, मग एक अर्धंच, आणि करंगळी.

 मुबारकनं पाणी मारलं, रंग ओघळून पंजा गेला. पुन्हा फवारलं, पुन्हा आला. दर फवाऱ्याला लोखंड कमी होतं, रंग फिका पडतो. हा पंजा तिसऱ्यांदा जास्तच गडद आला, आणि चौथ्यांदा आला तो औषध न मारताच. मुबारक घाबरला, खोटं कशाला सांगा. रंगातली घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीचा गोळा हाताशीच होता. दोनदा घासला असता तर सगळं साफ झालं असतं. त्यानं गोळा दूर सारला, चिकटपट्टी घेतली आणि पंजाभोवती चौकोन आखला. मग आईला रिक्षानं बोलावून घेतलं.

मैमूनाला कमी दिसतं. तिनं हात बोनेटवर ठेवला, एकेक बोट चाचपलं आणि अर्ध्या बोटापाशी थांबली.

"गरम है," ती म्हणाली.

मुबारकनं शेजारी हात लावून पाहिला. पत्रा गार पडला होता.

तेवढ्यात साहेबराव परतले. "हे काय करून राह्यले? कोन ही बाई?"

मुबारकनं फक्त चौकोनाकडे बोट दाखवलं. म्हातारीच्या बोटांच्या फटींतून जांभळा ओघळ खाली येत होता. साहेबरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्या तर तवाच धुतल्ती," ते पुटपुटले. "तीनदा धुतल्ती..."

"पाण्यानं जात न्हाई ते, साहेबराव," मुबारक म्हणाला. 

शेजारचे दुकानदार गोळा झाले. साहेबराव तिथंच फरशीवर बसले आणि कुणी न विचारता सगळं सांगत सुटले. ती पहाट, ते धुकं, ती सायकल, नंतर बदललेला बंपर. कुणीतरी पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत मैमूनानं हात उचलला नाही. उचलला तेव्हा खाली कोरा पांढरा पत्रा होता. मुबारकनं पिशवी घालून हात फिरवला. कुठंच काही लागलं नाही.

त्या संध्याकाळी घरी मैमूनानं काहीच विचारलं नाही. मुबारक मात्र कितीतरी वेळ तिच्यासमोर बसून राहिला, मान वर करून.