टबातला उंदीर

मी कॉलेजात उंदरांचे पिंजरे धुते. काल एक उंदीर पाण्याच्या टबात नुसता गोल गोल पोहत होता. पाण्याखाली एक पाट ठेवलेला असतो, त्यावर चढलं की सुटका. महिन्यामागं हाच उंदीर सरळ पाटावर जायचा. प्रयोग करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “मावशी, याच्या मेंदूला तीनदा झटका दिलाय. वाट विसरला बिचारा.”

आमच्या ह्यांनाही तीनच झटके आले. तेही सगळं विसरले. चुलीतलं लाकूड माझ्या पाठीवर मोडलं ते, पोटुशी असताना दाराबाहेर काढलं ते. आता मी घास भरवते, तर हात जोडून म्हणतात, “बाई, कोण कुठल्या तुम्ही, देव तुमचं भलं करो.” पाठीवरचा वण मात्र काही विसरत नाही.

उंदराला फडक्यात धरून पुसलं नि मॅडमना विचारलं, “ह्यावर औषध निघंल का हो?”

“त्यासाठीच तर चाललंय सगळं. मालकांसाठी विचारता ना? किती जीव आहे तुमचा, मावशी!”

मी उंदराला पिंजऱ्यात सोडलं. निघू दे औषध. त्यांना एकदा सगळं आठवू दे. मग पाठ उघडी करून पुढ्यात बसते. आता जोडा म्हणावं हात.