उस्तादांनी दिलेली मेमरी

तिला सगळे चिमटी म्हणत. नाव उस्तादांनी ठेवलेलं. अकरा वर्षांपूर्वी ती त्यांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात फोन घ्यायला म्हणून लागली. दुसऱ्याच आठवड्यात एका मशीनच्या पोटात पडलेला स्क्रू कुणाच्याच बोटांना लागेना, तो तिने केसांतल्या पिनेने अलगद वर काढून दाखवला. ही पोर फोनवर वाया जाईल, असं म्हणत उस्तादांनी तिला आपल्या शेजारी स्टूल दिलं. पुढे तिला जे काही आलं ते त्या स्टुलावर बसून आलं. तारा जोडायला सोल्डरिंगचा डाग कसा द्यायचा, जळका वास कुठून येतोय ते कसं हुडकायचं, गिऱ्हाइकाशी काय बोलायचं आणि कुठे तोंड मिटून बसायचं, सगळं त्यांचंच.

चौतिसाव्या वर्षी तिने स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं. आईने घराची पुढची खोली मोकळी करून दिली. उस्तादांना सांगायचा धीर मात्र तीन आठवडे होईना. शेवटी एकदाचं सांगितलं, तर ते चिडले नाहीत की रुसले नाहीत. बरं झालं, म्हणाले. शेवटच्या दिवशी त्यांनी कपाटातून एक सीलबंद पाकीट काढून तिच्या हातावर ठेवलं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. पहिल्या मशीनला याच लाव, माझा आशीर्वाद समज, एवढंच बोलले. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या पाण्याचा तिला आजही राग येतो.

पहिलं काम आलं ते घरांचे नकाशे काढणाऱ्या एका बाईंचं. शुक्रवारपर्यंत एक मशीन जोडून हवं होतं. ते नीट चाललं तर ऑफिसातली बाकीची पाचही चिमटीनेच बनवायची, असं ठरलं. चिमटीने मनाशी आणखी एक ठरवलं होतं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. हे पहिलंच मशीन उभं राहिलं नाही, तर खोलीला कुलूप लावायचं आणि मुकाट्याने उस्तादांकडे परत जायचं.

सोमवारी दुपारी तिने सगळं जोडलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. मदरबोर्डवर मेमरीशेजारचा पिवळा दिवा लागला तो लागलाच. ती घाबरली नाही. नवं मशीन पहिल्यांदा मेमरीशी ओळख करून घ्यायला दहा-पंधरा मिनिटं घेतं, आणि उतावळी माणसं तेवढ्यात बटण बंद करून घोळ घालतात. ती अर्धा तास हाताची घडी घालून बसली. दिवा पिवळाच.

मग सुरू झाली खटपट. पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, टक् असा आवाज येईपर्यंत दाबल्या. एकच लावून पाहिली, मग दुसरी. चारही खाचा पालथ्या घातल्या. बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढून जुन्या सेटिंग पुसल्या. प्रोसेसर उचलून खालची एकेक पिन भिंगाखाली तपासली. बुधवारी घाऊक दुकानदाराशी वाद घालून मदरबोर्डसुद्धा बदलून आणला. आई दारातून म्हणाली, "माणूस असता तर एव्हाना आपण डॉक्टर बदलला असता." चिमटीला हसू आलं नाही.

एक गोष्ट तिने केली नाही. दुसरी मेमरी लावून पाहिली नाही. घरात पडलेल्या जुन्या पट्ट्या या बोर्डात बसत नव्हत्या हे खरं, पण चार गल्ल्या पलीकडून नवी आणायला असे किती पाय मोडणार होते? परक्या माणसाने दिलेली असती तर तिने पहिल्या तासात तीच बदलली असती. उस्तादांच्या हातच्या वस्तूवर संशय घ्यायचा, हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

रोज संध्याकाळी ती त्यांना फोन करी. ते शांतपणे ऐकून घेत आणि रोज तेच सांगत. मेमरी माझ्याकडची आहे, तिच्यात काही नाही. तू बसवतेस तिथे चुकतंय. बुधवारी ते मायेने म्हणाले, "हात अजून कच्चा आहे तुझा. त्यात लाज कसली? तुझी जागा अजून रिकामीच आहे." फोन ठेवल्यावर तिने खिडकीपाशी जाऊन दोन्ही हात पुढे धरले आणि बोटं थरथरतात का ते बराच वेळ पाहत राहिली.

गुरुवारी तिने संध्याकाळची वाट न पाहता सकाळीच फोन केला. उस्ताद म्हणाले, पट्टीच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरव. ती आज्ञाधारकपणे रबर घेऊन बसली आणि दोनदा घासल्यावर थांबली. खोडरबर लावतात तो जुन्या, वापरून मळलेल्या मेमरीला. सीलबंद पाकिटातल्या मेमरीला कशाला?

तिने पट्टी उजेडात धरली. दातांवर बारीक ओरखडे होते. पट्टी कितीदा तरी खाचेत जाऊन आलेली. वरचा कंपनीचा स्टिकर किंचित तिरका होता. तिने नखाने त्याचं टोक उचललं. खाली नेलपॉलिशचा लाल ठिपका.

तो ठिपका तिचाच होता. मेलेले सुटे भाग चांगल्यांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्यावर बहिणीच्या नेलपॉलिशने ठिपका द्यायची पद्धत दुकानात तिनेच पाडली होती. ही जोडी गेल्या वर्षी तिनेच तपासून बाद केलेली. दुसऱ्या पट्टीवरही तसाच ठिपका निघाला. 

ती उठली, नवी जोडी आणली, बसवली. दहाएक मिनिटांत पडदा उजळला. तिच्या हातात काडीचाही दोष नव्हता. आनंद व्हायला हवा होता, पण तिला तो शोधूनही सापडेना.

दुपारी ती उस्तादांच्या दुकानात गेली. ते एकटेच एका प्रिंटरवर वाकले होते. तिने स्टिकर सोललेल्या दोन्ही पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी आधी चुकून मिसळल्या असतील म्हणून पाहिलं. मग हसून म्हणाले, परीक्षा घेत होतो, ओळखलंस की. खरं सांगायचं तर क्षणभर तिला ते मानायचंच होतं.

"मग रोज माझ्या हातालाच का दोष दिलात?" तिने विचारलं.

उस्तादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना आता बारीक दिसत नव्हतं, हे तिला गेली दोन वर्षं ठाऊक होतं. "वाटलं, चार-आठ दिवस धडपडशील," ते म्हणाले, "आणि आपल्याला जमत नाही म्हणून परत येशील."

"नुसतं ये म्हणाला असतात, तरी आले असते."

उस्तादांनी शेजारचं स्टूल पुढे ओढलं. मग हळूच म्हणाले, "मग आता ये."

"आता तुम्ही पाण्याचा ग्लास दिलात, तरी मी तो आधी उजेडात धरून बघेन, उस्ताद."

ती पायऱ्या उतरली. आपण बोललो त्यात एक शब्दही खोटा नव्हता, याचंच तिला कोपऱ्यावर पोचल्यावर रडू फुटलं.