शून्यांची साफसफाई

"मॅडम, गाडी गेटवर उभी हाय आन गेटवाला म्हणतोय, ह्ये लेबल आमचं न्हाईच."

फोन मुंगसेभाऊंचा होता. चाकणला कारचे ब्रॅकेट बनवणाऱ्या एका कारखान्यात ते डिस्पॅच बघतात, म्हणजे तयार माल वेळेवर बाहेर काढतात. भोसरीतली आमची कंपनी अशा कारखान्यांना लेबल छापायचं सॉफ्टवेअर देते. मालक मोरे सर आहेत. मी तिथे सीनियर डेव्हलपर आहे. सकाळी ऑफिसला निघायच्या आत मुंगसेभाऊंचा फोन आला की चहा राहिला असं समजायचं, एवढं मी नोकरीत शिकले आहे.

"लेबल छापलं जात नाहीये का?"

"छापतंय की. दिसतंय बी झ्याक. पर समोरचं मशीन त्ये वाचत न्हाई."

आता हे लेबल म्हणजे काय ते सांगते. माल भरलेल्या प्रत्येक क्रेटवर एक लेबल चिकटवतात. त्यावरच्या बारकोडमध्ये पार्ट नंबर, नग आणि तारीख असते. ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या लांबीत. कार बनवणाऱ्या कंपनीच्या गेटवर तो स्कॅन होतो. मशीनला पटलं तर गाडी आत, नाही पटलं तर बाजूला. त्या कंपनीत माल साठवून ठेवत नाहीत, लागेल तसा मागवतात. त्यामुळे गाडी बाहेर अडकली की काही वेळाने आतली कार जोडायची लाइन थांबते. याला लाइन स्टॉप म्हणतात. चाकणमध्ये हे दोन शब्द उच्चारले की प्लँट हेडपासून फोर्कलिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांची झोप उडते.

मी लेबलचा फोटो मागवला. पाहिला आणि कपाळाला हात लावला. पार्ट नंबरच्या आधीची सगळी शून्यं गेली होती.

ही शून्यं शोभेची नसतात. नंबर छोटा असला तरी बारकोडमधली त्याची जागा पूर्ण भरावी लागते, म्हणून आधी शून्यं लावतात. ती लावणारा कोड आमच्याकडे फार जुना होता. दिसायला गबाळा, लांबलचक, मध्येच कुणीतरी "इथे हात लावू नये" अशी टीप लिहून ठेवलेला. पण चालत होता. वर्षानुवर्षं कुणी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं. मग काल कोण गेलं?

कोडमध्ये कुणी काय बदललं याची नोंद राहतेच, पण मला ती उघडायची गरजही पडली नाही. जगजाहीर पोस्ट होती.

इथे पल्लवीबद्दल सांगायला हवं. पल्लवी आमची एचआर. कुठल्याशा वेबिनारमध्ये तिने ऐकलं की कंपनीचा "ब्रँड" माणसांच्या पोस्टमधून तयार होतो. आमचा ब्रँड तोवर लेबलांमधून तयार होत होता, पण ते तिला पुरेसं वाटेना. तिने इंटर्न मुलांसाठी रोज लिहिण्याचं चॅलेंज काढलं. रोज एक पोस्ट, इंग्रजीत, नोकरीवाल्या साइटवर, कंपनीला टॅग करून. आज मी काय शिकलो. एकही दिवस न चुकवता जो पूर्ण करेल, त्याला कायमच्या नोकरीचं पत्र. मोरे सरांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. मुलांना कोड येतो की नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मी विचारणार होते, पण तोवर केक कापायला घेतला होता.

सुमेध त्या इंटर्नपैकी एक. इंजिनिअरिंगचं शेवटचं सेमिस्टर. वडील पिंपरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. कॉलेजात प्लेसमेंटला आलेल्या कंपन्या हात हलवून निघून गेल्या होत्या, त्यामुळे आमचं पत्र हीच त्याची आशा होती. मुलगा हुशार, कामाला वाघ, फक्त खोटं लिहिता येत नव्हतं. सुरुवातीला त्याने खरंच जे घडलं ते लिहिलं. "आज दिवसभर प्रिंटरच्या ड्रायव्हरशी झटापट केली. संध्याकाळी कळलं की केबल सैल होती." मला वाचून बरं वाटलं. आमच्या धंद्यातले बहुतेक दिवस असेच जातात.

पल्लवीने पोस्ट परत पाठवली. "यात स्टोरी नाहीये. इम्पॅक्ट कुठे आहे?"

इम्पॅक्ट आणायचा कुठून? सुमेधकडे काम होतं ते लेबलवरचा लोगो दोन मिलिमीटर डावीकडे सरकवायचं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणालं, पहिला होता तोच बरा होता. शेजारच्या टेबलावरचा इशान मात्र रोज लिहीत होता. सेमीकोलनने त्याला संयम शिकवला, कॅन्टीनच्या वडापावने टीमवर्क शिकवलं. त्याच्या पोस्ट एआय लिहून देत होतं आणि ते त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं. लाइक मात्र धो धो.

तेव्हा सुमेधने वेगळा मार्ग शोधला. लिहायला काही घडत नाही ना, मग आपणच काहीतरी घडवू. त्याने तो जुना, गबाळा कोड उघडला आणि पानभर मजकुराचा तीन ओळींत निकाल लावला. पोस्टला विषय मिळाला. सोबत आधीचा आणि नंतरचा फोटो, वजन कमी केल्याच्या जाहिरातीत असतात तसे. वर मथळा, "कमी कोड, जास्त क्लॅरिटी."

त्या तीन ओळी नुसत्या आकड्यांच्या पार्ट नंबरला संख्या समजत होत्या. आणि संख्येच्या आधीच्या शून्याला कॉम्प्युटर किंमत देत नाही, टाकून देतो. सुमेधने टेस्ट केली होती, पण आमच्या टेस्टमधले सगळे नंबर अक्षराने सुरू होणारे. मुंगसेभाऊंचे शून्याने.

आता कुणी विचारेल, रिव्ह्यू नाही का होत? होतो. दुसऱ्या माणसाने कोड वाचून होकार द्यायचा, त्याला रिव्ह्यू म्हणतात. तो मीच करते. पण मी प्रश्न फार विचारते, त्यात मुलांच्या पोस्ट लांबतात, अशी पल्लवीची तक्रार गेली. म्हणून चॅलेंजपुरता होकार द्यायचं काम मोरे सरांनी स्वतःकडे घेतलं. सरांनी शेवटचा कोड लिहिला तेव्हा मी शाळेत असेन. त्यांनी मोबाइलवरून, बहुधा सिग्नलला थांबल्या थांबल्या, होकाराचं बटण दाबलं आणि लगेच पोस्टखाली लिहिलं, "प्राउड ऑफ माय बॉइज. पर्सनली रिव्ह्यूड."

मी घरूनच जुना कोड परत चढवला. ऑफिसातून सुमेधला उचललं आणि थेट चाकण गाठलं. मोशीपासून ट्रकांच्या मागे रखडत गेलो. वाटेत मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर फार बोलले असते.

गेटबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी उभी होती. मुंगसेभाऊंनी कारखान्यातून नवी लेबलं छापून आणली होती. प्रत्येक क्रेटवरचं जुनं सोलायचं, नवं लावायचं. मुंगसेभाऊंनी सुमेधला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्यो का त्यो?"

"हो," मी म्हणाले.

"चढ वर, भावा. सोल."

सुमेध ट्रकवर चढला. नखं दुखेस्तोवर लेबलं सोलत होता. खाली मुंगसेभाऊंच्या फोनवर दर थोड्या वेळाने आतून कुणीतरी ओरडत होतं आणि ते "व्हय साहेब, झालंच साहेब" म्हणत होते. लाइन थांबायला अगदी थोडा अवकाश असताना गाडी आत गेली. मुंगसेभाऊ फुटपाथवर बसले आणि पाणी प्यायले. मला त्या क्षणी सुमेधचा राग आला होता आणि कीवही.

तेवढ्यात त्याला पल्लवीचा फोन. आवाज मलाही ऐकू येत होता. "सुमेध, आजची पोस्ट राहिलीये. फेल्युअरवर लिही, फेल्युअर चांगलं चालतं. मी ड्राफ्ट पाठवते." ड्राफ्ट आलाही. एका ट्रकने मला ओनरशिप शिकवली, अशी त्याची सुरुवात होती.

सुमेधने तो वाचला, फोन खिशात ठेवला, परत काढला. मग स्वतःच टाइप केलं, मराठीत. "काल मी चालणारा कोड बिघडवला. त्यात सुधारणा करायची गरज नव्हती. मला पोस्टसाठी विषय हवा होता. त्यामुळे आज मुंगसेभाऊंची गाडी अडली." आणि पोस्ट करून टाकलं.

आम्ही मोशीपर्यंतही पोहोचलो नव्हतो, तोच मोरे सरांचा फोन. पोस्ट आत्ताच्या आत्ता काढ. त्याने काढली. पोस्ट काढली म्हणजे तो दिवस रिकामा, दिवस रिकामा म्हणजे चॅलेंज तुटलं, आणि चॅलेंज तुटलं म्हणजे पत्र गेलं. हिशेब त्याला माझ्याआधी कळला होता.

"घरी काय सांगू मॅडम?" एवढंच म्हणाला.

संध्याकाळी केबिनमध्ये मोरे सर, पल्लवी आणि मी. सर तापलेले.

"वर्षा, त्या मुलाचं नाव इंटर्नच्या लिस्टमधून काढ. कस्टमरसमोर इज्जत घालवली. न विचारता कोड बदलतो म्हणजे काय?"

"विचारलं होतं सर."

"कुणाला?"

"सर, त्याची आजची पोस्ट काढली. कालची अजून आहे. तिच्याखाली तुमची कमेंट आहे, पर्सनली रिव्ह्यूड म्हणून."

सरांनी चष्मा चढवून फोन हातात घेतला.

"मुंगसेभाऊंच्या प्लँट हेडनी त्या कमेंटला आज दुपारी लाइक दिलंय," मी म्हटलं.

पल्लवी आपल्या पेनाचं टोपण लावू काढू लागली. प्लँट हेडने ते लाइक कोणत्या भावनेने दिलं, हे आमच्यापैकी कुणीच विचारायला जाणार नव्हतं. सरांनी बराच वेळ स्क्रोल केलं. मग घसा साफ केला.

"तसा मुलगा प्रामाणिक आहे. यंग आहे. आपणच सांभाळून घ्यायला हवं."

"म्हणजे पत्र देऊया?"

"दे. पण चॅलेंजमधून नाही. चॅलेंजचे नियम म्हणजे नियम."

सुमेधला पत्र मिळालं. चॅलेंजची ट्रॉफी इशानला मिळाली, आणि ती घरी पोहोचायच्या आत त्याला माणच्या आयटी पार्कमधल्या एका मोठ्या कंपनीने उचललं. त्यांना म्हणे त्याचं लिखाण आवडलं. आमच्याकडे त्याने लिहिलेला कोड कुणाला आवडल्याचं मला आठवत नाही. मोरे सरांनी ती कमेंट त्याच रात्री काढून टाकली, आणि रिव्ह्यू परत माझ्याकडे आला. त्याबद्दल कुठे पोस्ट आली नाही.

सुमेधची ती मराठी पोस्ट काढायच्या आत मुंगसेभाऊंनी वाचली होती. त्यांनी एक अट घातली. त्यांच्या प्लँटचं काम सुमेधनेच बघायचं. "चूक माझी म्हणणारा पहिलाच गावलाय, त्याला सोडत न्हाई," असं म्हणाले. आणि रोज संध्याकाळी त्याने व्हॉट्सअॅपवर कळवायचं, आज काय बदललं.

परवा पल्लवीने मला विचारलं, नव्या बॅचचं चॅलेंज सुरू करतेय, सुमेधला मेंटर करूया का, तो हल्ली काही लिहितो की नाही?

मी म्हटलं, लिहितो की. रोज लिहितो. "भाऊ, आज काही बदललं नाही." रोज तेवढंच लिहितो, आणि गाडी रोज गेटातून आत जाते.