आम्ही मागच्या सीटवर

"गाडी कोणी चालवत आणली?" हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. प्रश्न तसा साधाच होता. दुखायला कधी लागलं, घाम कधी आला, याच्याच ओघात विचारलेला. शेवटी हरेश म्हणाला, "उसने ही... म्हणजे, त्यानेच." बाईंनी मान वर केली. आमच्या पिकल्या केसांकडे, सुटलेल्या पोटांकडे एकवार बघितलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

बाळाराम, आमचा बाळ्या, त्याच संध्याकाळी गेला. रविवार होता. नेहमीसारखे मी अंबरनाथहून आणि हरेश उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून बदलापूर गावात त्याच्या घरी जेवायला जमलो होतो. सुरेखावहिनी स्वयंपाक करून ठेवून नात्यातल्या हळदीला गेल्या होत्या, मुलगा प्रतीक नोकरीनिमित्त पुण्याला. जेवणानंतर बाळ्या छातीवरून हात फिरवत म्हणाला, "जरा जड वाटतंय रे." पित्त असेल, असं मी म्हणालो. मला काय कळतंय त्यातलं, पण म्हणालो. मग त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला दिसला तेव्हा मात्र हरेश घाबरला आणि रिक्षा बघतो म्हणाला. बाळ्याने त्याला वेड्यात काढलं. "दारात गाडी असताना रिक्षा? आबा वरून शिव्या घालतील." त्याने खुंटीवरची चावी घेतली, चपला घातल्या आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. आम्ही दोघांनी मागचे दरवाजे उघडले आणि मागच्या सीटवर बसलो. आम्हाला दोघांनाही गाडी चालवता येत नाही.

हे ऐकून कोणालाही प्रश्न पडेल, की पन्नाशीला टेकलेल्या, बऱ्यापैकी कमावत्या दोन माणसांना गाडी कशी येत नाही? त्याचं उत्तर द्यायचं तर नव्वदीच्या दशकात, आमच्या अकरावी-बारावीच्या दिवसांत जावं लागेल. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते, आम्ही कंपनीच्या कॉलनीत राहायचो. हरेशच्या घरी जीन्स शिवायचा कारखाना, खाली मशिनी आणि वर घर. गाडी आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती. बाळ्याच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, नदीकडची जमीन बिल्डरला दिली आणि आलेल्या पैशांतून आधी घरावर स्लॅब टाकला, मग एक जुनी पांढरी गाडी घेतली. आबांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. त्यांना गाडीत बसायचं होतं. बाळ्या लहानपणापासून शेतात ट्रॅक्टर फिरवायचा, त्यामुळे चालवणार कोण हा प्रश्नच नव्हता.

रविवारी सकाळी आबा पांढरी टोपी घालून पुढच्या सीटवर बसायचे. बाळ्या त्यांना अंबरनाथला बहिणीकडे सोडायचा आणि मग थेट आमच्या कॉलनीत यायचा. त्या गाडीला पाच सुरांचा हॉर्न होता. तो वाजला की आमच्या बिल्डिंगच्या सगळ्या गॅलऱ्यांत माणसं यायची आणि मी केसांवरून शेवटचा कंगवा फिरवून, आपण काही विशेष करत नाही असा चेहरा करून खाली उतरायचो. आबांनी पहिल्याच रविवारी बजावून ठेवलं होतं, "फुडची शीट माजी हाय रं पोरांनो. तिथं कोनी बसाचा नाय." आबा नसले तरी आम्ही ते पाळायचो. बाळ्या त्या सीटवर आपला टॉवेल घडी घालून ठेवायचा आणि मी मागे बसायचो. मग वाटेत हरेशला घ्यायचं, की तोही मागे. रस्त्यावरच्या लोकांना वाटत असणार, दोन साहेबांची पोरं ड्रायव्हर घेऊन निघालीत. खरं सांगायचं तर आम्हाला ते आवडायचं.

आमच्या भाषेत त्याला 'राऊंड' म्हणायचे. राऊंडला कुठे पोचायचं नसतं. कॅम्प पाच, कॅम्प चार, कॅम्प तीनचा बाजार, परत फिरून अंबरनाथ, एमआयडीसीतला तो नाक झोंबणारा वास, मग बदलापूरचा रस्ता... गाडी सगळी दुसऱ्या गिअरमध्ये, काचा पूर्ण खाली, टेप चालू. जास्त वेग घेतला तर आम्ही लोकांना दिसणार कसे? कॉलेजातल्या मुली दिसल्या की हरेश मागून "धीरे, धीरे" करायचा आणि बाळ्या आणखी हळू घ्यायचा. इतक्या हळू चालवून गाडी तापायची. मग बाळ्या खाली उतरून बॉनेट उघडायचा, डिकीतल्या बाटलीने पाणी घालायचा, आणि आम्ही आत बसून कॅसेट उलटी करून लावायचो. त्याने कधी 'उतरा, हात लावा' म्हटलं नाही. आमच्याही ते डोक्यात आलं नाही.

हरेशच्या घरी रविवारी दाल पकवान असायचं, म्हणजे कडक तळलेल्या पुऱ्या आणि डाळ. मी आणि हरेश जिना चढून वर जायचो, बाळ्या खालीच थांबायचा. बाजारात हातगाड्यांची आणि कापडाच्या गठ्ठ्यांची इतकी गर्दी, की गाडी एकटी सोडली तर एखादा ओरखडा हमखास ठरलेला, आणि ओरखडा दिसला की आबा घर डोक्यावर घेणार. हरेशची आई एका ताटलीत पकवान, वर डाळ, चिरलेला कांदा, चटणी असं सगळं रचून खाली पाठवायची. बाळ्या बॉनेटवर ताटली ठेवून उभ्याउभ्याच खायचा. दर रविवारी खिडकीतून वाकून बघितलं की त्याचं डोकं आणि बॉनेटवरची ती स्टीलची ताटली दिसायची. आम्ही वर पंख्याखाली बसून दुसऱ्यांदा डाळ मागत असायचो. बाळ्याच्या दहाव्याला जाऊन आल्यावर हरेशने मला सांगितलं, "मम्मीला सांगितलं ना, बाळा गेला. ती म्हणते, कोण बाळा? मी म्हटलं, वो गाडीवाला, ज्याची प्लेट तू नीचे भेजती थी. तेव्हा रडायला लागली. म्हणते, मैंने उसका चेहरा कभी देखा ही नहीं." माझ्या फोनमध्ये बाळ्याचं नाव आजही 'बाळ्या गाडी' असंच आहे.

एकदा त्याने मला शिकवायचं मनावर घेतलं होतं. एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर, रविवारी सगळं बंद असताना, त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं आणि आबांच्या सीटवरचा टॉवेल उचलून स्वतः तिथे बसला. गाडीने चार उड्या मारल्या आणि बंद पडली. हरेश मागे हसून लोळत होता. मी उतरलो. बाळ्या म्हणाला, "अरे, सगळ्यांचीच पडते. परत मार ना सेल्फ." मी म्हटलं, "कशाला उगाच? तू आहेस ना."

तू आहेस ना... हे वाक्य आम्ही पुढे आयुष्यभर वापरलं. माझ्या लग्नात मांडवातून घरी सजवलेली गाडी त्याने आणली. माझ्या वडिलांना शेवटी मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं-आणायचं, ते त्याने केलं. हरेशच्या मुलीला परदेशी जाताना विमानतळावर पोचवलं ते त्याने. असं नव्हे की त्याला दुसरं काम नव्हतं. विटा-रेतीचा चांगला चालणारा धंदा होता, हाताखाली माणसं होती, त्यांतले दोघे-तिघे ड्रायव्हरच होते. पण आमचा फोन गेला की हा स्वतः यायचा. मी नोकरीत वर चढलो, तेव्हा गाडी घेण्याचा विषय घरात निघाला होता. बायको म्हणाली, घेऊ या की. मी म्हटलं, पार्किंग कुठे आहे, ट्रॅफिक बघतेस ना, आणि लागलीच कधी तर बाळ्या आहे. शहाणपणाचा सल्ला दिल्यासारखं म्हटलं होतं.

आबा गेले, पांढरी गाडी गेली, मग एकामागून एक नव्या गाड्या आल्या. पण पुढची सीट रिकामीच राहिली. तिच्यावर टॉवेलही राहिला. पोरवयात आबांच्या धाकाने लागलेली सवय धाक संपल्यावर सोडायला काय हरकत होती? गाडी समोर येऊन उभी राहायची आणि आम्ही दोघं, जाणती, शिकलेली माणसं, न चुकता मागचं दार उघडायचो. मागे बसून गप्पा जोरात व्हायच्या. बाळ्या पुढून एखाददुसरा शब्द टाकायचा आणि हसायचा.

त्या दिवशीही हसला. उड्डाणपुलावर चढताना त्याने आरशातून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काय रे, तोंडं कशाला पाडलीत? मी काय मरतोय का?" हरेश म्हणाला, "तू बोलू नको, चालव." पूल उतरल्यावर त्याने एकदा डाव्या हाताने शेजारच्या सीटचा टॉवेल उचलला, तोंड पुसलं आणि परत ठेवला. हॉस्पिटलच्या आवारात शिरल्यावर त्याने गाडी सरळ नेऊन लावली नाही. मागेपुढे करून, निघायच्या तोंडाने, दोन रेषांच्या मधोमध लावली, कारण गाडी नेहमी अशीच लावायची असते. मग हँडब्रेक ओढला आणि म्हणाला, "आता मला धरा." आम्ही दोन्ही बाजूंनी धावलो. माझ्या आठवणीत त्याने आमच्याकडे मागितलेली ती पहिलीच गोष्ट.

डॉक्टरबाईंना मी नंतर गाठलं. त्याने चालवली नसती तर? त्या म्हणाल्या, तसं काही सांगता येणार नाही, अॅटॅक मोठा होता. त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं की खरं सांगितलं, कोण जाणे. बायको म्हणते, स्वतःला किती दोष देशील? पण दोष द्यायचा नाही म्हटलं तरी तो आपला येऊन बसतोच. आणि वहिनींनी तर मला दोष दिलाही नाही. हळदीतून तशाच, कपाळाला पिवळ्या बोटांसकट त्या हॉस्पिटलात आल्या. सगळं आटोपल्यावर, घरी माणसं जमलेली असताना, मला बाजूला घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "भावजी, गाडीन त्यांच्या बाजूला कोन बसलेला?"

मी म्हटलं, "कोणी नाही, वहिनी. आम्ही मागे होतो."

त्यांनी मान हलवली. "हं," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

गाडी प्रतीकने हॉस्पिटलातून आणून अंगणात लावली आणि कार्य उरकून तो पुण्याला परतला. जाताना मला म्हणाला, "काका, गाडी अधूनमधून चालू करायला लागेल, नाहीतर बॅटरी जाईल. आईला हात लावायला धीर होत नाही. आणि एक... आतला आरसा मी हलवलेला नाही. बाबांचा तो तसाच असतो. मी बाजूच्या आरशांवर आणली." मला तेव्हा त्याच्या बोलण्याचा नीटसा अर्थ लागला नाही. मी हो म्हटलं. हल्लीच मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंय. उशिरा सुचलेलं शहाणपण आहे, कोणाच्या उपयोगाचं नाही, पण घातलंय.

गेल्या रविवारी हरेशला घेऊन बदलापूर गावात गेलो. वहिनींनी खुंटीवरची चावी काढून दिली आणि त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "धा मिनटं चालू ठेवा," म्हणाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा बाळ्याच्या जागी बसलो. सीट त्याच्या लांब पायांच्या हिशेबाने मागे सरकवलेली, माझे पाय जेमतेम पोचत होते. मागचं दार उघडून हरेश नेहमीसारखा मागे बसला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलंय म्हणून मी आधी आरशात बघितलं. मागचा रस्ता दिसेना, काच दिसेना. आरसा मुद्दाम खाली वळवलेला होता. त्यात फक्त मागची सीट दिसत होती, पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका बाजूला हरेशचा चेहरा आणि त्याच्या शेजारी माझी रिकामी जागा.

इतकी वर्षं आम्ही खिडकीतून बाहेर बघत होतो आणि हा आमच्याकडे बघत होता... चावी फिरवायची राहूनच गेली. हरेशला कळेना काय झालं. "चालू कर ना यार," तो मागून म्हणाला.

मी डावीकडच्या सीटवरचा टॉवेल उचलून मांडीवर घेतला. "हरेश," मी म्हटलं, "पुढे ये."

"क्यों? मी ठीक आहे इथे."

"पुढे येऊन बस."

तो उतरला, गाडीला वळसा घालून पुढे आला, जरा थांबला आणि आबांच्या सीटवर अंग चोरून बसला. मी चावी फिरवली. वहिनी उंबऱ्यातून बघत होत्या. आरसा मी तसाच राहू दिला.